मुंबईच्या आकाशांतील ध्रुवप्रकाश

धबधब्याच्या माथ्यावर हिरवा प्रकाश पडद्यासारखा लोंबत आहे, असें छायाचित्र आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. अशा चित्रांपैकीं पुष्कळ आइसलंड बेटांतील स्कोगाफॉस येथें घेतलेलीं असतात. हा धबधबा सुमारें ६० मीटर उंचीवरून दक्षिणेकडे कोसळतो. त्याच्या समोर उभें राहणाराचें तोंड साहजिकच उत्तरेकडे होतें, आणि प्रकाशाची कमान बहुधा त्याच दिशेस प्रथम दिसूं लागते. हें स्थळ छायाचित्रकारांस इतकें प्रिय असण्याचें कारण सौंदर्याइतकेंच भूगोलांतही आहे.

असा ध्रुवप्रकाश आपल्या कांजूरमार्गाहून दिसेल काय, असा प्रश्न वर्गांत निघाला, कीं मुलें हंसतात. प्रश्न मात्र हंसण्याजोगा नाहीं. ता. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार, या दिवशीं सूर्यास्तानंतर मुंबईच्या आकाशांत हा प्रकाश दिसला होता. तो सारखा रंग पालटीत होता. पहांटे तीनच्या सुमारास गडद जांभळा झाला आणि सोमवारीं सूर्योदयापर्यंत दिसत राहिला, असें वृत्त 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रानें ६ फेब्रुवारीस छापिलें. त्याच वेळीं समुद्रांतील व जमिनीवरील तारायंत्राच्या कामांतही व्यत्यय आला. कोटापासून कांजूर पंचवीस-तीस किलोमीटर दूर. जो प्रकाश दोन-तीनशें किलोमीटर उंचीवर असतो, त्यास हें अंतर म्हणजे कांहींच नव्हे.

आतां याचें कारण पाहूं. सूर्यावर मोठा क्षोभ झाला म्हणजे विद्युद्भारित कणांचे लोट अवकाशांत फेंकले जातात. ते पृथ्वीशीं येऊन भिडले, कीं तिचें चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतें; त्यास चुंबकीय वादळ म्हणतात. या गडबडींत वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरांत घुसतात व तेथील अणूंवर आदळतात. शंभर-दीडशें किलोमीटर उंचीवर प्राणवायु हिरवा प्रकाश देतो, दोनशें किलोमीटरच्या वर तोच तांबडा प्रकाश देतो, आणि नत्रवायूपासून निळा व जांभळा रंग येतो. एरव्हीं हा सर्व खेळ ध्रुवांभोंवतीं चालतो. वादळ फार प्रचंड असेल तर तो विषुववृत्ताकडे सरकतो; तरी आपणांपासून तो दूरच असल्यामुळें पृथ्वीची गोलाई खालचा हिरवा भाग झांकून टाकते, व उंचावरचा तांबडा-जांभळा तेवढा क्षितिजावर दिसतो. हिरवा पडदा पाहावयाचा तर आइसलंडासच गेलें पाहिजे.

डोळ्यांनीं पाहणारे होतेच, पण मुंबईचा अधिक पक्का साक्षीदार कुलाब्यास होता. तेथील वेधशाळेंत १८४० नंतरच्या दशकांत चुंबकसूचीचीं निरीक्षणें सुरू झालीं. २ सप्टेंबर १८५९ रोजीं तेथील आडवें चुंबकबल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं खालीं घसरल्याची नोंद झाली. नेहमींच्या दिवशीं हा चढउतार शंभराच्या आंत असतो! रोजचे कंटाळवाणे आंकडे कोणीतरी निष्ठेनें लिहीत होते, म्हणूनच २००३ सालीं शास्त्रज्ञांस त्यांवरून त्या वादळाचें बळ मोजतां आलें. पुढें शहरांत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांच्या प्रवाहानें सूची बिघडणार, हें ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनीं १९०४ सालीं अलिबागेस लोखंडविरहित इमारतींत नवें केंद्र उभारिलें. तें आजही चालूं आहे.

ध्रुवप्रकाशाचें छायाचित्र घेणें १८७२ सालीं शक्य झालें नव्हतें. तें यश मार्टिन ब्रेंडेल यांस १८९२ सालीं नॉर्वेच्या उत्तर भागांत मिळालें. आज हें काम सोपें आहे. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा, एखाद्या ठळक ताऱ्यावर दृष्टि स्थिर करावी आणि पांच ते पंधरा सेकंद भिंग उघडें ठेवावें. धबधब्याजवळ तुषार भिंगावर बसतात, ते प्रत्येक चित्रापूर्वीं पुसावे लागतात. एवढ्या वेळांत पाणी पिंजलेल्या कापसासारखें दिसतें. पण भिंग फार वेळ उघडें ठेवलें तर प्रकाशाचे नाचते किरण एकमेकांत मिसळून नुसता डाग उरतो.

येथें पालकांनींही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कॅमेरा पंधरा सेकंदांचा प्रकाश साठवितो, डोळा साठवीत नाहीं. शिवाय मंद उजेडांत डोळ्यांस रंग नीटसे कळत नाहींत. १० मे १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १० मे २०२४ च्या रात्रीं लडाखांतील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीं तांबडा प्रकाश टिपला. तेवढ्यावरून तेथील आकाश नुसत्या डोळ्यांसही तसेंच रक्तवर्ण दिसलें असेल, असें मुलांस सांगूं नये. चित्र खरें असतें, पण तें डोळ्यांच्या अनुभवाची नक्कल नसतें.

तसें वादळ पुन्हा उठलें तर कांजूरमार्गाहून काय दिसेल? रेल्वेच्या पूर्वेस मिठागरांकडे अंधार थोडा अधिक आहे, तरी चोहोंकडील दिव्यांचा उजेड आकाशाची मंद लाली बुडवून टाकील. ज्यास प्रयत्न करावयाचा असेल त्यानें वडील माणसांसह घराच्या गच्चीवर जावें, भिंग उत्तरेस, भांडुप-मुलुंडच्या बाजूस लावावें, आणि तितकेच सेकंद ठेवून दुसरें चित्र दक्षिणेकडचें घ्यावें. दोन्हींत सारखीच लाली उतरली तर ती शहराच्या दिव्यांची समजावी. केवळ उत्तरेसच असेल, तर त्या रात्रीची अलिबागची नोंद मिळवून ताडून पाहावी.