सायकल आपल्या मापाची करा

चप्पल घेताना आपण काय करतो? पाय घालून बघतो. लहान असली तर ती चावते, मोठी असली तर पायात राहत नाही. सदरा शिवताना शिंपी माप घेतो. मग सायकलीचेच माप का बघू नये?

आजकाल डॉक्टर पुष्कळांना व्यायाम सांगतात. कुणाला साखरेचा विकार असतो, कुणाचे वजन वाढलेले असते. माणूस हौसेने घरची सायकल बाहेर काढतो. आठ दिवस चालवतो. मग गुडघा दुखू लागतो, कंबर धरते. तो म्हणतो, "आता वय झालं. हे जमायचं नाही." सायकल पुन्हा भिंतीला टेकते आणि व्यायाम बुडतो. पण पुष्कळ वेळा दोष वयाचा नसतो. सीट चार बोटे खाली असते, एवढेच!

सीटची उंची

थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून बरेच जण सीट खाली करतात. मग पायडल मारताना गुडघा फार वाकलेला राहतो. जोर सगळा गुडघ्याच्या वाटीवर येतो. वाटी दुखते.

उंची अशी तपासा. सायकल भिंतीजवळ उभी करा. भिंतीला हात धरून सीटवर बसा. एक पायडल अगदी खाली आणा. त्यावर टाच ठेवा. आता पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेलाच राहिला, तर सीट वर घ्या. टाच पोचेना किंवा कंबर एका बाजूला कलली, तर सीट खाली घ्या. पान्याने बोल्ट सैल करून सीट थोडी थोडी हलवा. मग बोल्ट घट्ट आवळा. सीटच्या दांडीवर खूण असेल, तर ती बाहेर दिसेल इतकी दांडी वर ओढू नका.

थांबताना सीटवरून पुढे उतरावे आणि एक पाय जमिनीवर टेकावा. ही सवय झाली की उंच सीटची भीती जाते.

पाय आणि हात

चालवताना पायडलवर टाच नको, चवडा ठेवा. पाय खाली गेला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. तसाच तो हवा.

सीट सपाट ठेवा. तिचे टोक खाली झुकले, तर अंग पुढे घसरते आणि भार तळहातावर येतो. करंगळीला मुंग्या येतात. हँडल घट्ट आवळू नका. कोपर थोडे वाकवा. खांदे सैल सोडा.

जोर नको, लय हवी

पायडल दाबून मारू नका. हलके आणि भरभर फिरवा. मिनिटाला साठ-सत्तर फेरे चांगले. गिअर असतील तर हलका गिअर लावा. चढ लागला आणि पाय जड झाले, तर खुशाल उतरून चाला. त्यात लाज कसली?

टायरमध्ये हवा कमी असली की श्रम वाढतात. म्हणून निघताना हवा आणि ब्रेक बघा. चेनला तेल द्या. पदर खोचून घ्या. पायजम्याचा पाय बांधा.

किती चालवावी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. पण पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेच पुरेत. चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. असा वेग बेताचा समजावा.

छातीत दाब वाटला, घेरी आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. इन्सुलिन घेणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर ठेवावी.

सायकल निर्जीव आहे. तिला दुखत नाही. तेव्हा वाकायचे, वळायचे, ते तिने. आपल्या गुडघ्याने नव्हे! आम्ही म्हणतो, सायकल भिंतीला टेकवण्याआधी एकदा पाना हातात घेऊन तर बघा.

प्रश्न

१. सीट फार खाली असली तर काय दुखते? का?
२. पायडलवर पायाचा कोणता भाग ठेवावा?
३. रोज अर्धा तास, असे पाच दिवस. एकूण मिनिटे किती?
४. आज घरच्या सायकलीची सीट तपासा. काय आढळले, ते दोन ओळींत लिहा.