उन्हाळ्यातील परसबाग : पाण्याचा हिशेब आणि घरचे उत्पन्न

दर वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे मोठे प्रदर्शन भरते. ते पाहून अनेक कुटुंबे मोठ्या हौसेने परसात, गॅलरीत किंवा गच्चीवर लागवड करतात. हिवाळ्यातील पुण्याची हवा अशी असते की, थोड्या मेहनतीनेही बाग फुलते. परंतु परसबागेची खरी परीक्षा जानेवारीत नव्हे, तर चैत्र-वैशाखात होते. एप्रिलमध्ये शहराचे कमाल तापमान सरासरीने ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, दुपारची हवा अत्यंत कोरडी असते आणि वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडत असल्याने पावसाचा आधार नसतो. हौसेने लावलेल्या अनेक बागा याच काळात सुकतात. शाळांच्या बागांची अवस्था तर अधिकच बिकट होते, कारण ऐन उन्हात शाळेला सुटी असते.

याचे कारण बहुधा मेहनतीची कमतरता हे नसते. पाण्याचा हिशेब आधी केलेला नसतो, हे असते. तो हिशेब कसा करावा, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत आणि त्यांतून घराला काय मिळू शकते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पुणे आणि पाणी

पाण्याचा हिशेब पुण्याला नवा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणले गेले आणि ते पेठांतील हौदांत सोडण्यात आले. हौदावरून किंवा आडातून भरून आणलेले पाणी वाड्यात जपूनच वापरले जाई. वाड्यामागच्या परसात मोरीचे पाणी जेथे जाई, तेथे केळ, अळू आणि कर्दळ लावण्याची रीत होती. एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा उपयोगी पडे आणि परसात चिखलही साचत नसे.

पुढे खडकवासला धरण झाले. नंतर पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांची त्यात भर पडली आणि नळाचे पाणी सुलभ झाले. तथापि ही सुलभता कायमची नाही, हे अलीकडेच दिसून आले. पाऊस कमी झाल्याने सप्टेंबर २०१५ पासून २०१६ च्या पावसाळ्यापर्यंत पुणे शहराला दिवसाआड पाणी पुरविण्यात आले. २०१७ आणि २०२१ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आणखी गावे समाविष्ट झाली. त्यांतील अनेक वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते. शेजारच्या वस्तीत हंड्यांची रांग लागलेली असताना पिण्याचे पाणी नळीने बागेत सोडणे उचित नव्हे. म्हणून शहरातील परसबाग टिकावयाची असेल, तर ती प्रथम वापरलेल्या पाण्यावर उभी राहिली पाहिजे.

वाफा पाण्यावरून मोजावा

सामान्यतः आपण जागा किती आहे ते पाहून वाफे आखतो. उन्हाळ्यात हा क्रम उलटा करावयास हवा. आधी पाणी मोजावे आणि त्यावरून वाफा ठरवावा.

यासाठी एक सोपा प्रयोग करता येतो. सपाट तळाचे, उभ्या कडांचे रुंद भांडे पाण्याने भरून बागेत उन्हात ठेवावे आणि चोवीस तासांनी पाण्याची पातळी किती उतरली ते मोजपट्टीने पाहावे. पक्षी पाणी पिऊ नयेत म्हणून वर जाळी ठेवावी. ऐन उन्हाळ्यात ही पातळी रोज साधारण ८ ते १० मिलिमीटर उतरते. एक चौरस मीटर जागेवरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर वाढीत असलेल्या भाजीला यापेक्षा काहीसे कमी, म्हणजे दर चौरस मीटरला रोज सुमारे ६ ते ८ लिटर पाणी लागते, असे धरून चालावे.

आता घरातील पाणी पाहू. तांदूळ, डाळी, भाज्या आणि फळे धुतलेले पाणी मोरीत न ओतता बादलीत साठविले, तर चार माणसांच्या घरात ते दिवसाला एक ते दीड बादली निघू शकते. प्रत्येक घरी हे प्रमाण वेगळे असणार. म्हणून आठ दिवस मोजून सरासरी काढावी. समजा, ती २० लिटर आली. याचा अर्थ असा की, त्या घराने उन्हाळ्यात सुमारे तीन चौरस मीटरचा, म्हणजे दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद असा एकच वाफा राखावा. दहा चौरस मीटरवर तेच पाणी शिंपडल्यास सारीच रोपे अर्धवट जगतात आणि हाती काहीच लागत नाही.

स्वयंपाकघरातील असे पाणी त्याच दिवशी वापरावे. साठवून ठेवल्यास त्याला दुर्गंधी येते. आंघोळीचे पाणी केळ, कर्दळ किंवा शोभेच्या झाडांना द्यावे. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र भाजीच्या वाफ्यात सोडू नये. त्यातील क्षारांमुळे माती घट्ट होते व मुळांना हवा मिळत नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्यावर कोणतेही वापरलेले पाणी शिंपडू नये. ते मुळाशीच द्यावे.

पाणी टिकविण्याचे उपाय

पाणी मिळविण्याइतकेच ते मातीत टिकविणे महत्त्वाचे आहे. यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वाळलेला पाला. पुण्याच्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारांत फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीचे ढीग साचतात. ते पेटविल्याने धूर होतो आणि उत्तम खतही जळून जाते. हाच पाला वाफ्यावर पाच ते सात सेंटिमीटर जाडीने पसरावा. रोपाच्या बुंध्याभोवती थोडी जागा मोकळी सोडावी. पाल्याखालची माती थंड राहते, तण कमी उगवते आणि पावसाळ्यात पाला कुजून त्याचे खत होते.

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास द्यावे. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा मुळांपर्यंत पोहोचेल असे, पण थोड्या अंतराने देणे हिताचे असते. वरवरच्या शिडकाव्याने मुळे पृष्ठभागाशीच राहतात आणि एक दिवस खंड पडताच रोप कोमेजते.

मडक्याने पाणी देण्याची पद्धतही उपयुक्त आहे. झिलई नसलेले सुमारे पाच लिटरचे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे आणि भोवती वेलभाज्यांच्या बिया टोकाव्यात. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते आणि मुळे त्याच दिशेने वाढतात. साधारणपणे दोन ते चार दिवसांनी मडके पुन्हा भरावे लागते. गाळामुळे भिंतीची छिद्रे बुजत असल्याने त्यात स्वच्छ किंवा गाळलेले पाणीच घालावे. मडक्यावर झाकण ठेवणे अत्यावश्यक आहे. डेंग्यू पसरविणारे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. याच कारणास्तव कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासून काढाव्यात.

चैत्र ते ज्येष्ठ : कामांचा क्रम

चैत्रात जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेली भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका व कारली फळावर येतात. मोकळ्या झालेल्या जागी थोड्या सावलीत माठ, राजगिरा किंवा अंबाडी पेरावी. पालेभाजी सुमारे महिनाभरात काढणीस येते. कडक उन्हात वेलभाज्यांना नरफुले अधिक आणि मादीफुले कमी येतात, शिवाय मधमाश्यांचा वावरही कमी होतो. फुलाखाली इवले फळ दिसते ती मादी. फळ धरत नसेल, तर नरफुल खुडून त्यातील पराग मादीफुलाला हलकेच लावावा. काकडी, कारले आणि तांबडा भोपळा यांची फुले सकाळी, तर दोडका व दुधी यांची संध्याकाळी उमलतात. परागीकरणाची वेळ त्याप्रमाणे साधावी.

मावा, तुडतुडे व लाल कोळी यांचा उपद्रव याच काळात वाढतो. ५० ग्रॅम निंबोळीगर कुटून तो एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, गाळून त्यात किंचित साबण मिसळावा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूवर फवारावा. फळमाशीने डंख केलेली व गळून पडलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत; ती तशीच पडू दिली तर माशीची पुढची पिढी आपल्याच वाफ्यात वाढते.

वैशाखात नवी लागवड टाळून जमिनीची तयारी करावी. रिकामा वाफा खणून, ओला करून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चोहोबाजूंनी मातीने दाबून चार ते सहा आठवडे ठेवल्यास उन्हाच्या तापाने मातीतील अनेक रोगजंतू, सूत्रकृमी आणि तणांचे बी नष्ट होते. लिंबू, पेरू यांसारख्या झाडांसाठी सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन उन्हात तापू द्यावेत. शेंगांचा हंगाम आटोपल्यावर शेवग्याची छाटणी करावी.

ज्येष्ठात रोहिणीच्या सुमारास खड्डे पालापाचोळा, कुजलेले खत व मातीने भरून घ्यावेत. वांगी, मिरची व टोमॅटो यांची रोपे सावलीत तयार करण्यास आरंभ करावा. कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून, वाळवून पुढील वर्षासाठी साठवाव्यात.

घरचे उत्पन्न

तीन चौरस मीटरच्या वाफ्यातून घराची सारी भाजी निघणार नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. परंतु दहा-बारा झाडांची भेंडी आठवड्यातून एक-दोनदा एका वेळची भाजी देऊ शकते. कढीपत्ता, पुदिना व पालेभाजी रोजच्या स्वयंपाकाला उपयोगी पडतात. लिंबू महाग असते त्याच दिवसांत हस्त बहाराची लिंबे घरच्या झाडावर मिळतात. काढणी सकाळी करावी. भेंडी फूल आल्यापासून पाच-सहा दिवसांत, एक दिवसाआड तोडावी. जून झालेली फळे वेलावर राहिली तर नवे फळ धरण्याचे प्रमाण घटते.

आंब्याच्या झाडाला पाड लागला, की उरलेली तयार फळे वळवाचा वारा सुटण्यापूर्वी उतरवावीत. फळ झेल्याने, देठ राखून काढावे, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. नंतर पेंढ्यात आढी घालावी. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्याही वाया जात नाहीत. त्यांचे पन्हे, लोणचे करता येते आणि आंबोशीही घालता येते.

जी कोरडी हवा वाफ्याला जाचक ठरते, तीच वाळवणाला उपकारक असते. गवार, कारल्याच्या काचऱ्या, आंबोशी व ताकातल्या मिरच्या पुण्याच्या उन्हात थोड्याच दिवसांत खडखडीत वाळतात आणि पावसाळ्यात भाजी महागली असता उपयोगी पडतात.

बियाणे हेही उत्पन्नच होय. निरोगी वेलावरील एका चांगल्या फळाला दोरा बांधून ते पूर्ण पक्व होऊ द्यावे. बी सावलीत वाळवून, नाव व तारीख लिहून कोरड्या डब्यात ठेवावे. मात्र संकरित वाणाचे बी धरू नये. पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. ओल्या मातीचा केवळ १५ सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला सुमारे २५० किलोग्रॅम भरतो. सर्वसाधारण गच्ची एवढ्या भारासाठी बांधलेली नसते. म्हणून अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय गच्चीभर माती पसरू नये. पालापाचोळा व खत अधिक आणि माती थोडी, असे हलके मिश्रण कुंड्यांत भरावे व त्या भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेत ठेवाव्यात.

शाळा आणि पंचायती

शालेय पोषण आहाराच्या निमित्ताने अनेक शाळांनी परसबागा तयार केल्या आहेत. मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुटी असते. या काळासाठी शिक्षकांनी एप्रिलमध्येच नियोजन करावे. हंगामी वाफे कमी करून त्यांतील काही प्लास्टिकखाली तापत ठेवावेत आणि शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी बहुवर्षायू झाडेच मडकी व पाला यांच्या आधारे जगवावीत. शाळेजवळच्या कुटुंबांना दिवस वाटून द्यावेत आणि ज्याचा दिवस, त्याची त्या दिवशीची भाजी असा नियम ठेवावा. भांड्यातील पाणी मोजण्याचा प्रयोग सुटीपूर्वी विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास क्षेत्रफळ, घनफळ आणि बाष्पीभवन हे तिन्ही विषय एकाच वेळी समजतात.

पंचायत सदस्यांनी सार्वजनिक नळकोंडाळी व हातपंप यांच्या सांडपाण्याकडे लक्ष द्यावे. जेथे आज डबके साचते, तेथे केळीची चार खुंटे आणि अळूचा एक वाफा सहज वाढू शकतो. त्यासाठी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही.

उन्हाळ्यात घराने किती पाणी वापरले आणि त्यांतील किती पुन्हा उपयोगात आणले, हे मोजण्याची सवय ज्या घराला लागते, त्या घराची बाग वैशाखातही हिरवी राहते. मोठ्या बागेचा हव्यास न धरता पहिल्या वर्षी प्रत्येकाने एक बादली आणि एक वाफा एवढाच संकल्प करावा.