राज्यशास्त्रात एम.ए. : म्हणजे नक्की काय शिकायचे?



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे एकच प्रश्न असतो : इंजिनियरिंग की मेडिकल? मी स्वतः इंजिनियर आहे, कॉम्प्युटरच्या क्षेत्रात काम करतो. आमच्या मुलीने राज्यशास्त्र घेऊन एम.ए. पर्यंत शिकायचे ठरवले, तेव्हा मलाही प्रश्न पडला की यात दोन वर्षे शिकतात तरी काय? शोधले ते तुमच्यापुढे ठेवतो.

राज्यशास्त्र म्हणजे निवडणुकीच्या बातम्या नव्हेत. सत्ता कोणाच्या हाती असते, ती कोणत्या नियमांनी चालते आणि चुकली तर तिला कोण आवरते, याचा हा अभ्यास. एम.ए.ला साधारणपणे प्लेटोपासूनचे राजकीय विचार, भारतीय राज्यघटना, लोकप्रशासन, आंतरराष्ट्रीय संबंध आणि निरनिराळ्या देशांच्या राज्यपद्धतींची तुलना, असे विषय असतात.

तुलना कशी करतात? आपल्याच जवळचे उदाहरण घ्या. सौदी अरेबियाच्या मजलिस अश-शूरामध्ये १५० सदस्य असतात. त्यांना राजे नेमतात व त्यांचे काम सल्ला देण्याचे. २०१३ साली तेथे प्रथमच ३० स्त्रिया नेमल्या गेल्या. भारताच्या लोकसभेत ५४३ जागा आहेत आणि सदस्य मतदानाने निवडून येतात. एम.ए.चा विद्यार्थी पुढे विचारतो, असा फरक का पडला? इतिहासात काय घडले?

आता एक मोठे उदाहरण. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र. १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि जमाखर्च यांवर प्रबंध लिहिला. कंपनीने कर कसे गोळा केले, पैसा कशावर खर्चला, हे आकडे मांडून दाखवले. नुसता राग व्यक्त केला नाही, हिशेब तपासला. पुढे २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीवर त्यांची नेमणूक झाली व ते तिचे अध्यक्ष झाले. आधी पुरावा, मग मत, ही सवय म्हणजेच या शिक्षणाचे सार.

पोटापाण्याचे काय? पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. इंजिनियरिंगसारखी ठरलेली नोकरी येथे नाही, हे मुलांनी समजून घ्यावे. पण प्राध्यापकी, पत्रकारिता, संशोधन या वाटा आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषयही आहे.

आणखी एक गोष्ट. आपण येथे राहतो, पण नागरिक भारताचे. २०१० च्या कायदादुरुस्तीमुळे परदेशस्थ भारतीय नागरिकालाही मतदारयादीत नाव नोंदवता येते. मतदानाला मात्र आपल्या गावी स्वतः जावे लागते. अठरा वर्षांचे झाल्यावर तुम्ही कोणाला मत द्याल, आणि का? एम.ए. करा किंवा न करा, या प्रश्नाची तयारी आतापासून हवी.

शब्दार्थ : मसुदा – कच्चा लेख. लोकप्रशासन – सरकारी कारभार. प्रबंध – अभ्यास करून लिहिलेला मोठा निबंध. वैकल्पिक – निवडता येणारा.

स्वाध्याय
१. नेमलेला सदस्य व निवडून आलेला सदस्य यांत फरक काय?
२. आंबेडकरांनी कंपनीचा जमाखर्च का तपासला असेल?
३. आजी-आजोबांना फोन करून त्यांच्या पहिल्या मतदानाची आठवण विचारा व पाच ओळी लिहून आणा.