कानकोंडी होऊ नकोस

चि. छोटीस,


काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, पोरीनं अनुवादाचं काम परत पाठवलंय आणि धड जेवतही नाही. कारण काय, तर तुझं 'तो मेंढीसारखा हसला' हे वाक्य कुणी बैठकीत मोठ्यानं वाचलं आणि सगळे हसले. खरंच परत पाठवलंस?

आधी रागावून घेते. इंग्रजीत 'शीपिशली' दिसलं आणि तू मेंढी उचलून मराठीत आणलीस. अगं, आपल्याकडची मेंढरं एकामागून एक चालतात, लाजत नाहीत. आजोबांना साखरेचं दुखणं लागल्यावर ते फडताळातला गूळ खाताना सापडायचे, तेव्हा कसे हसायचे आठव. ते 'ओशाळून' हसणं.

पण म्हणून सगळीकडे ओशाळूनच लिहू नकोस. कुणी खडसावल्यावर आवाज खाली येतो, ते 'वरमून'. चारचौघांत तोंड वर करवत नाही, ते 'खजील होऊन'. हा शब्द मूळचा अरबी, फारसीवाटे आपल्याकडे आला. बोलण्याआधीच जीभ अडते, ते 'संकोचून'. 'ओशाळवाणेपणाने' असलं लांबण लावू नकोस, मराठीत धातूला 'ऊन' लावलं की भागतं. आणि पणजी ठसक्यात म्हणायची, 'मी कुणाची ओशाळी नाही', तिथे अर्थ मिंधेपणाचा. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश तुझ्याच कपाटात आहे ना? उघडत जा.

शब्द काय, सुधारता येतात. काम परत पाठवलंस, ते मात्र मनातून जात नाही. तुझ्या वयात मला बंगालीतून अनुवाद करायचे होते. लिपी शिकले, वही भरली, पण कुणी हसेल म्हणून एक पान कुणाला दाखवलं नाही. माळ्यावर वही वाळवीनं खाल्ली. हसायला कुणी नव्हतंच गं!

तुझं निदान कुणी वाचलं तरी. रागावले, मनावर घेऊ नकोस. तुझ्या बाकीच्या पानांतली मराठी मला आवडते, हे कधी सांगायचं राहूनच गेलं. एका मेंढीपायी माणसांत कानकोंडी होऊ नकोस. काम परत मागून घे. नाही दिलं तर रविवारी इकडे ये, थालीपीठं लावते, दोघी मिळून दुसरं काही करायला घेऊ. आणि आज आधी पोटभर जेव.

तुझी,
आत्या