विजेच्या कुकरात भात कसा शिजतो?

भात शिजविणे हे काम दिसावयास सोपे आहे. परंतु ज्याने चुलीवर पातेले ठेवून भात केला आहे, त्यास त्यातील अडचणी ठाऊक असतात. आधण उतू जाते. विस्तव मंद करण्यास थोडा उशीर झाला की भात तळाशी लागतो. घाईने उतरविला तर शितात कणी राहते. विजेच्या कुकरात मात्र तांदूळ व पाणी घालून कळ दाबली की रांधणाऱ्यास दुसऱ्या कामास जाता येते. भात होताच कळ आपोआप सुटते. ह्या यंत्रास डोळे नाहीत, व साध्या प्रकारच्या कुकरात घड्याळही नसते. मग भात झाला हे त्यास कळते कसे?

पाणी व उष्णता

तांदळाचा बहुतेक भाग पिष्टाचा असतो. सुमारे ५५ ते ८० अंश सेल्सिअस ह्या तापमानात पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, त्यांची घट्ट रचना सैल होते, आणि कठीण दाण्याचे मऊ शीत बनते. ह्या क्रियेस उष्णता जितकी आवश्यक, तितकेच पाणीही आवश्यक असते.

समुद्रसपाटीच्या ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांस उकळते. त्यानंतर आच कितीही वाढविली तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. दिलेली सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून भांड्यात मोकळे पाणी आहे तोवर तळाचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. पाणी दाण्यांत शोषले गेले व उरलेले वाफ होऊन गेले की तळ एकदम अधिक तापू लागतो. कुकर ओळखतो तो हाच क्षण.

जपानमधील पहिला यशस्वी कुकर

ह्या तत्त्वाचा उपयोग जपानमध्ये योशितादा मिनामी ह्यांनी केला. त्यांचा छोटा कारखाना तोशिबा कंपनीसाठी काम करीत असे. त्यांच्या पत्नी फुमिको ह्यांनी घरी पुनःपुन्हा भात शिजवून तापमानाच्या व वेळेच्या नोंदी ठेवल्या. १९५५ च्या डिसेंबरात तोशिबाने हा कुकर विक्रीस आणला. त्यात एकात एक अशी दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी घालीत. ते आटण्यास सुमारे वीस मिनिटे लागत. ते आटताच तापमान चढे, दोन धातूंची जोडपट्टी वाके आणि विद्युत्‌प्रवाह खंडित होई.

चुंबकाची कळ

आजच्या साध्या कुकरात बाहेरच्या पाण्याची गरज नाही. भांड्याच्या तळास मध्यभागी टेकणारी एक धातूची टोपी असते. तिच्यात फेराइटासारख्या चुंबकीय पदार्थाचा तुकडा असून खाली एक लहान चुंबक असतो. कळ दाबली की चुंबक त्या तुकड्यास चिकटतो व प्रवाह सुरू होतो. प्रत्येक चुंबकीय पदार्थ एका ठराविक तापमानास आपला हा गुण गमावतो. पिएर क्यूरी ह्यांनी १८९५ साली ह्याचा अभ्यास केला होता. कुकरातील तुकडा असा निवडलेला असतो की, १०० अंशांच्या थोडे वर जाताच त्याचे आकर्षण नाहीसे व्हावे. मग स्प्रिंग चुंबकास खाली ओढते व कळ सुटते.

पाणी हेच घड्याळ

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. कुकर भाताची परीक्षा करीत नाही; तो केवळ पाण्याचा अंत पाहतो. भात किती वेळ शिजावा हे पाणी मोजणाऱ्याचा हातच ठरवितो. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. ५०० वॅटच्या कुकरात २०० ग्रॅम पाणी अधिक पडले व ते सर्व वाफ व्हावयाचे झाले, तर सुमारे पंधरा मिनिटे जास्त लागतील. प्रत्यक्षात त्यांतील बरेच पाणी भात शोषून घेतो आणि गिच्च होतो.

जुन्या व उकड्या तांदळास पाणी अधिक लागते, नव्यास कमी. तांदूळ दुप्पट घेतल्यास पाणी अगदी दुप्पट करू नये. दाण्यांत शोषले जाणारे पाणी दुप्पट होते, परंतु वाफेने जाणारे तितके वाढत नाही. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ८८ अंशांच्या सुमारास उकळते. तेथे दाणा सावकाश शिजतो. म्हणून पाणी वाढवावे, किंवा वाफ कोंडून तापमान चढविणारा प्रेशर कुकर वापरावा.

कळ सुटल्यावर झाकण लगेच काढू नये. दहा मिनिटे वाफ मुरू दिल्यास ओलावा सर्व शितांत सारखा पसरतो. भांडे आत ठेवण्यापूर्वी त्याचा तळ बाहेरून कोरडा पुसावा. टोपी व तळ ह्यांत शीत अडकले तर कळ योग्य वेळी सुटत नाही.

उरलेल्या भाताविषयी सावधगिरी

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात व ते शिजविल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि जंतू झपाट्याने वाढतात. त्यांपैकी काहींचे विष इतके चिवट असते की, सकाळी फोडणी देऊन भात परतला तरी ते नष्ट होत नाही, ओकाऱ्या होतात. अनेक कुकरांत भात गरम राखण्याची सोय असते. ती ६० अंशांच्या वर तापमान राखीत असेल तोवरच भात सुरक्षित. वीज गेली किंवा कळ बंद केली की बंद कुकरातील भात दीर्घकाळ कोमट राहतो. म्हणून उरलेला भात रात्रभर कुकरात ठेवू नये. तो पसरट ताटात काढून निववावा, तास-दोन तासांत शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून संपवावा.

यंत्राने विस्तवावरील पहारा आपल्यापुरता संपविला आहे. पाण्याचे माप व उरलेल्या अन्नाची काळजी ही दोन कामे मात्र अजून माणसाचीच आहेत.