सिनॉप्सिस गाइडला देण्याआधी थोडं माझं ऐक

अगं, तुझा सिनॉप्सिस काल रात्री शांतपणे वाचून काढला. विषय मला मनापासून आवडला. शहराची हवा, फझी लॉजिक आणि कंट्रोल, तिन्ही एकत्र घ्यायला हिंमत लागते, आणि ती तुझ्यात आहे. घरात एवढी चर्चा झाल्यावरही तू पीएच.डी.ला बसलीस याचा मला किती अभिमान वाटतो, हे फोनवर सांगायचं राहूनच गेलं. आता ताई म्हणून दोन प्रश्न विचारते. ते आत्ताच विचारायला हवेत, कारण तिसऱ्या वर्षी विचारून उपयोग नसतो. तुझ्या नियमांच्या तक्त्यातला प्रत्येक नियम कुणाच्या अनुभवातून आला? आणि तुझा कंट्रोलर 'प्रदूषण कमी कर' म्हणाला, की नेमका कुणाचा हात कुठल्या बटणावर जाणार? सिनॉप्सिसमध्ये मला या दोन्हींची उत्तरं सापडली नाहीत. बाकी सगळं छान आहे.

आधी पायाचं बोलू. झादे यांचा १९६५चा 'फझी सेट्स' हा शोधनिबंध तू एका ओळीत उरकला आहेस. तो मुळातून वाच, फार मोठा नाही. लोत्फी झादे बाकूचे, तेहरानमध्ये वाढलेले, नंतर बर्कलीत प्राध्यापक. त्यांच्यावर टीका करणारी माणसंही साधीसुधी नव्हती. ज्यांच्या नावाचा फिल्टर आपण सगळे शिकतो ते काल्मन १९७२मध्ये एका परिषदेत सर्वांसमोर त्यांच्या कल्पनेविरुद्ध बोलले होते. तुझ्या व्हायवात तोच प्रश्न येणार, फक्त वेगळ्या शब्दांत: 'संभाव्यतेचं गणित असताना फझी कशाला?' यावर गडबडू नकोस. उद्या पीएम २.५ साठच्या वर जाईल का, हा संभाव्यतेचा प्रश्न. आज मोजलेलं ५८ हातात आहे, त्याला 'बरी हवा' म्हणायचं की नाही, हा फझीचा प्रश्न. पहिल्यात काय घडेल ते माहीत नसतं. दुसऱ्यात सगळं घडून गेलेलं असतं, तरी सीमा धूसर असते. एवढं समजावून सांगता आलं की अर्धी व्हायवा झाली.

आणि आपल्या देशाच्या निर्देशांकातच तुला याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मिळेल. २०१५मध्ये राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक आला. आठ प्रदूषकं, सहा वर्ग. पीएम २.५ चोवीस तासांच्या सरासरीत ६० मायक्रोग्रॅम असेल तर हवा 'समाधानकारक', ६१ झाली की 'मध्यम'. एका मायक्रोग्रॅमचा फरक तर यंत्राच्या चुकीच्या मर्यादेतच बसतो. श्वास घेणाऱ्या छातीला तो कळतही नाही, पण नकाशावरचा रंग बदलतो. आता तू ५० ते ७० या पट्ट्यात दोन्ही वर्ग एकमेकांवर चढव. मग ५८ला हवा ०.६ समाधानकारक आणि ०.४ मध्यम, ६२ला बरोबर उलट. हे तू करतेच आहेस. माझा आग्रह एवढाच आहे की तो पट्टा ५० ते ७०च का, ४५ ते ८० का नाही, याचं उत्तर सॉफ्टवेअरच्या डिफॉल्टमधून येता कामा नये. छातीच्या डॉक्टरांकडे जा. दम्याची मुलं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचार, कुठल्या आकड्याला तुमच्या दवाखान्यात गर्दी वाढू लागते? चार डॉक्टर चार आकडे सांगतील, आणि त्यांच्या उत्तरांतला तो फरकच तुझ्या पट्ट्याची खरी रुंदी असेल. आपल्याकडे डॉ. अशोक देशपांडे यांनी पाण्याच्या आणि हवेच्या गुणवत्तेसाठी फझी पद्धतींवर वर्षानुवर्षं काम केलंय. ते जरूर वाच.

आणखी एक. सरकारी निर्देशांक आठांपैकी जो सगळ्यात वाईट असेल त्याचाच आकडा जाहीर करतो. त्यामुळे एकच प्रदूषक वाईट असलेला दिवस आणि तीन प्रदूषकं वाईट असलेला दिवस, दोन्ही कागदावर सारखे दिसतात. यावर तू टीका केली आहेस आणि ती रास्त आहे. पण तुझी पद्धत सगळ्यांची सरासरी करून सर्वांत वाईट प्रदूषकाला झाकत असेल, तर ती सरकारी पद्धतीपेक्षा वाईट ठरेल. तुझ्या प्रणालीने हवा कधीही प्रत्यक्षापेक्षा चांगली दाखवायची नाही, ही अट पहिल्या पानावर लिहून ठेव.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही, तुझ्या आकृती क्रमांक चारमध्ये हेच घडतंय. तू शेवटचा वर्ग ४०० ते ५००चा त्रिकोण काढला आहेस, टोक ५००वर. उत्तर काढायला सेंट्रॉइड वापरलास, सगळे तोच वापरतात. आता पेन घे. त्रिकोणाचे तीन कोपरे ४००, ५००, ५०० यांची सरासरी काढ. ४६६.७ येते. म्हणजे शहरात कितीही धूर कोंडला, सगळे नियम शंभर टक्के लागू झाले, तरी तुझी प्रणाली ४६७च्या वर जाणारच नाही. तिकडे पहिल्या वर्गात उलटं: ० ते ५०चा त्रिकोण, टोक शून्यावर, सेंट्रॉइड १६.७. पावसाने धुतलेल्या हवेलाही ती सतराच्या खाली गुण देणार नाही. टोकाचे त्रिकोण सीमेपलीकडे पसरव किंवा सुगेनो पद्धत घे, जिथे निष्कर्षाच्या जागी थेट आकडा असतो. पण हे आधी स्वतः करून बघ. परीक्षकांनी दाखवून देण्यापेक्षा तुझ्याच प्रबंधात 'ही मर्यादा आहे आणि ती मी अशी दूर केली' असं आलेलं बरं.

नियमांच्या संख्येचंही बघ. आठ प्रदूषकं आणि प्रत्येकाला नुसते 'कमी, मध्यम, जास्त' एवढे तीन वर्ग घेतले, तरी ६५६१ नियम होतात. एवढे नियम कुठल्याच माणसाला सांगता येत नाहीत. मग ते संगणक भरतो आणि आपण त्याला तज्ज्ञांचं ज्ञान म्हणतो. तसं नको गं. टप्पे पाड: कण एकीकडे, वायू दुसरीकडे, मग दोघांचा मिळून निष्कर्ष. नियम थोडे राहू देत, पण प्रत्येकाला सांगणारा माणूस असू दे.

फझी कंट्रोलची सुरुवातच तशी झाली, म्हणून हा हट्ट. टांझानियात जन्मलेले आणि भारतात शिकून लंडनला गेलेले इब्राहिम ममदानी यांनी १९७०च्या दशकात विद्यार्थी असिलियन याच्यासोबत एक छोटं वाफेचं इंजिन फझी नियमांवर चालवून दाखवलं. मग डेन्मार्कमध्ये सिमेंटच्या भट्ट्या आल्या, तिथले नियम भट्टी चालवणाऱ्यांच्या कामाच्या पद्धतीवरून घेतले होते. १९८७मध्ये जपानमधल्या सेंदाईची मेट्रो हिताचीच्या फझी कंट्रोलवर धावू लागली. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे: ते काम हाताने उत्तम करणारा माणूस आधीपासून होता.

शहराच्या हवेला असा चालक कुठे आहे? हिवाळ्यात तापमानाचा उलटा थर बनून धूर जमिनीलगत कोंडतो, वारा पडतो, यावर तुझा काय, कुणाचाच ताबा नाही. म्हणून 'शहरी वायुप्रदूषणाचं नियंत्रण' हे शीर्षक मला खटकतं. बटण कुठे आहे ते शोध आणि तिथेच काम कर.

एक बटण चौकातल्या सिग्नलवर आहे. ममदानी आणि पॅपिस यांनी १९७७मध्येच चौकाच्या सिग्नलसाठी फझी कंट्रोलर मांडला होता: रांग किती, येणारी वाहनं किती, त्यावरून हिरवा दिवा आणखी किती सेकंद वाढवायचा. पुण्यात संध्याकाळी एखाद्या मोठ्या चौकात अर्धा तास उभी राहा. वाहतूक हवालदार सिग्नल बंद करून हाताने गाड्या सोडतात, तेव्हा त्यांच्याकडे नीट बघ. ते गाड्या मोजत नाहीत. रांगेची शेपटी कुठवर गेली ते बघतात, पीएमपीची बस अडकली असेल तर ती बाजू आधी मोकळी करतात, मागून अँब्युलन्सचा आवाज आला की हात बदलतो. हे सगळे नियम आहेत, फक्त लिहिलेले नाहीत. शिफ्ट संपल्यावर चहा घेता घेता विचारलंस तर ते आनंदाने सांगतील. दिवसभर तो धूर छातीत घेणारी माणसं आहेत ती. चालू इंजिनाने उभ्या असलेल्या गाड्यांचा वेळ कमी झाला, तर पहिला फायदा त्यांचाच.

दुसरं बटण बोगद्यात. मुंबईच्या कोस्टल रोडचे जुळे बोगदे दोन किलोमीटरपेक्षा लांब आहेत. अशा बोगद्यात हवा खेळती ठेवणारे पंखे असतात, कार्बन मोनॉक्साइड मोजता येतो, गाड्या मोजता येतात, विजेचा खर्च मोजता येतो. इथे कंट्रोलरला खरंच काम आहे, स्थिरतेच्या सिद्धतेलाही अर्थ आहे. टाकागी-सुगेनो मॉडेल आणि ल्यापुनोव्ह यांवरचं तुझं प्रकरण चांगलं आहे, पण आत्ता ते हवेत लटकतंय. पंख्याला जोड, लगेच जमिनीवर येईल. आणि तुलना साध्या पीआयडीशी कर, तोही मन लावून ट्यून केलेल्या. ढिसाळ पीआयडीला हरवून मिळवलेला आलेख कुणाच्याही कामाचा नसतो. पीआयडी जिंकला तर तसं लिही. तेही संशोधनच आहे.

तिसरं बटण सरकारच्या हातात आहे, आणि मला वाटतं तुझं खरं योगदान तिथे होऊ शकेल. दिल्ली परिसरात २०१७पासून टप्प्याटप्प्याने निर्बंध लावणारी 'ग्रॅप' योजना आहे. निर्देशांक ठरावीक आकडे ओलांडू लागला की एकेक टप्पा लागतो. कंट्रोलच्या भाषेत हा चालू-बंद स्विच झाला. जानेवारी २०२५मध्ये तिसरा टप्पा काही दिवसांतच लागला, उठला, पुन्हा लागला. आपल्या प्रयोगशाळेत रिले असा कडकड वाजायला लागला की आपण लगेच हिस्टेरेसिस घालतो. तिथे मात्र हा टप्पा लागला की बांधकामं थांबतात आणि बिगारी कामगाराची त्या दिवसाची मजुरी जाते. निर्बंध हळूहळू चढवणारी, हळूहळू उतरवणारी आणि अंदाजाचा आधार घेणारी फझी प्रणाली इथे किती उपयोगी पडेल बघ! पण मजुरी हासुद्धा तुझ्या नियमांतला एक इनपुट धर. तो कुणीच धरत नाही.

आता डेटाबद्दल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून तू फाइल उतरवून घेतलीस, छान. तरी एकदा परवानगी काढून मोजणी केंद्रावर जाऊन ये. आत बीटा किरणांवर चालणारं यंत्र असतं. त्यात काचतंतूच्या गाळणकागदाची पांढरी पट्टी फिरते आणि तासातासाला तिच्यावर धुळीचा गोल ठिपका उमटतो. धूळ बसण्याआधी आणि नंतर किरण किती आरपार जातात, त्या फरकावरून आकडा निघतो. डिसेंबरातल्या सकाळचे ठिपके काळपट करडे, पावसाळ्यातले जेमतेम दिसणारे. ती पट्टी एकदा डोळ्यांनी बघितलीस की एक्सेलमधल्या रिकाम्या चौकटीत सरासरी भरून टाकताना तुझा हात थांबेल. वीज गेली होती, पट्टी संपली होती, की नळी तुंबली होती, याची प्रत्येक रिकाम्या तासाला वेगळी गोष्ट असते. आणि तू विकत घेणार आहेस ते स्वस्त सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि हे सेन्सर जास्त आकडा दाखवतात. मुंबईत तर वर्षभर हा त्रास. ते मोठ्या यंत्राशेजारी ठेवून तपासल्याशिवाय एकही निष्कर्ष काढू नकोस.

थोडं तुझ्याबद्दलही. पहाटेची आणि रात्रीची मोजणी करायला एकटी जाऊ नकोस. विभागाकडून गाडी आणि सोबत लेखी माग, मागायला लाजू नकोस. चौकात उभी राहशील तेव्हा एन-९५ घाल, नाकावर कापडी ओढणी गुंडाळून भागत नाही. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या जर्नलांचे ईमेल रोज येतील, ते उघडूही नकोस. फेलोशिप उशिरा आली तर मला हक्काने सांग, आईकडे मागायला तुला जड जातं ते मला ठाऊक आहे. आणि प्रयोगशाळेत 'हार्डवेअर मुलं बघतील, तू लिखाण कर' असं कुणी म्हणालं, तर हसून सोल्डरिंग गन स्वतःच्या हातात घे.

रविवारपर्यंत शीर्षक बदल, एकच बटण निवड आणि नियमांच्या तक्त्यात एक नवा रकाना घाल: 'हा नियम कुणी सांगितला.' तो रकाना भरला की सिनॉप्सिस आधी मला पाठव, मग गाइडला दे.