मूठ मिटून उठणारी पोर

अगं, परवा जिन्यात भेटलीस तेव्हा एका खांद्यावर लेकीची जिम्नॅस्टिक्सच्या क्लासची बॅग, हातात मेथीच्या दोन जुड्या आणि तोंडी एकच वाक्य: "ताई, डिस्ट्रिक्टला तीन आठवडे राहिलेत आणि हिचं मनगट दुखतंय, काय करू?" मी घाईत "दाखवून घे" म्हणाले आणि निघून गेले. पण रात्री डोळ्याला डोळा लागेना. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्या घरात आला होता आणि मी त्याचं साफ चुकीचं उत्तर दिलं होतं. तर आता गॅस बंद कर, पाच मिनिटं बस आणि ऐक.

माझी लेक तेव्हा अकराची. जेवायला आम्ही खाली बसायचो. जेवून उठताना ती तळवा टेकायच्या ऐवजी मूठ मिटून, बोटांच्या पेरांवर जोर देऊन उठायची. मला वाटलं, हे काहीतरी नवीन नखरे. "काय गं, कराटे लावलंयस का?" असं म्हणून मी हसलेसुद्धा! दुधाचं पातेलं दोन हातांनी उचलायला लागली तेव्हा मनात म्हटलं, चला, पोर जपून वागायला शिकली. दीड महिना रोज रात्री मलम चोळलं, क्रेप बँडेज बांधलं आणि सांगितलं, "स्टेट होईपर्यंत जरा सोस." शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ही हात टेकून उठते का?" खरं सांगू का, त्या खुर्चीत मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

आता बघ, हे होतं कशामुळे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ एक मऊ पट्टी असते, तिथूनच हाड लांबीला वाढतं. ओला गिलावा असतो ना भिंतीचा, तसं समज. दिसायला भिंत तयार, पण खिळा ठोकलास तर ढपला पडणार. आणि जिम्नॅस्टिक्समध्ये मनगटाला पायाचं काम करावं लागतं. हँडस्टँड, राउंड ऑफ, बॅक हँडस्प्रिंग, सगळा भार तळव्यावर, आणि उलटी उडी मारून हात टेकताना तो शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त होतो. दिवसाला शंभरदा असं झालं की अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची ती पट्टी सुजते. याला डॉक्टरलोक चक्क 'जिम्नॅस्टचं मनगट' म्हणतात, इतकं ते नेहमीचं आहे. वेळेत थांबलं तर हातावर भार न घेता दीड ते तीन महिन्यांत बहुतेक मुली बऱ्या होतात. तसंच रेटलं तर ती पट्टी वेळेआधी मिटू शकते, शेजारचं हाड वाढत राहतं आणि मनगट कायमचं कुरकुरतं. म्हणून डिस्ट्रिक्टचा विचार नंतर कर, आधी एक्स-रे.

आणि हो, तुझ्या सासूबाई म्हणतात ना, "उड्या मारून पोरीची उंची खुंटेल"? त्यांना प्रेमाने सांग की जिम्नॅस्टिक्सने उंची खुंटते असं काही सिद्ध झालेलं नाही. या खेळात बुटक्या मुली जास्त टिकतात, म्हणून तसं दिसतं. पण त्यांची दुसरी काळजी, पोर दुखणं लपवतेय ही, ती मात्र शंभर टक्के खरी आहे. आज्या बरोबर ओळखतात गं, आपणच कॉम्पिटिशनच्या नादात आंधळ्या होतो.

दुखणी म्हणशील तर यादी मोठी आहे, पण सगळ्याला घाबरू नकोस. काही दुखणी घरात निभतात, काहींना थांबायला लागतं आणि काहींना त्याच दिवशी दवाखाना.

घरात निभणारं म्हणजे तळहाताची साल. बारवर लटकून घट्टे पडतात आणि एक दिवस फाटतात. मी पहिल्यांदा काय केलं असेल? त्या लालभडक जखमेत हळद भरली. पोरीने अशी किंकाळी फोडली की समोरच्या वहिनी धावत आल्या. तू तसं करू नकोस. साबणाने धू, सुटलेली साल स्वच्छ कात्रीने काप, ओढू नकोस, वर पेट्रोलियम जेली लावून पट्टी बांध. घट्टे वाढले की आंघोळीनंतर वज्रीने हलक्या हाताने घास. एवढं पुरतं.

टाचदुखीही साधारण या वयातच येते, आठ ते तेराच्या आत. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की पोर ओरडते. हीसुद्धा त्या वाढीच्या पट्टीचीच कुरकुर. गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखतं तेही तिचंच भावंड. वाढ पूर्ण झाली की बहुधा दोन्ही आपोआप जातात, पण तोवर उड्या कमी करायला लागतात. क्लासमध्ये अनवाणी असल्यामुळे टाचेला आधार काही नसतो, म्हणून निदान शाळेच्या बुटात टाचेची मऊ गादी घाल आणि घरात फरशीवर चप्पल घालू दे. आमच्याकडे स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे महापाप होतं. मी एक जोड खास घरातली म्हणून आणली आणि ते पाप स्वतःच्या माथी घेतलं.

घोटा मुरगळणं हे सगळ्यात जास्त होतं. बीमवरून किंवा उडी मारून उतरताना पायावर शरीराच्या कितीतरी पट भार येतो, घोटा जरा वाकडा पडला की झालं. आता इथे आपल्या घरची सवय आड येते. लगेच गरम शेक, लगेच तेल चोळणं, नाहीतर "आमच्या गावचा माणूस पाय खेचून बसवतो." अगं, पहिले दोन दिवस शेक नाही, चोळणं नाही, खेचणं तर मुळीच नाही. बर्फ नॅपकिनमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. फ्रीजरमधली मटारची पिशवीसुद्धा चालते, नंतर तिची उसळ मात्र करू नकोस. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, मी ठेवला होता आणि मुरगळण्यावर चट्टा फुकट मिळाला. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळायचं, बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करायचं, आणि झोपताना पायाखाली उशी.

पण सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं समजू नकोस. इथेच आपण फसतो. मुरगळलेला घोटा तोल सांभाळायला विसरतो आणि महिन्याभरात पुन्हा तोच मुरगळतो. फिजिओने आम्हाला एक सोपी गोष्ट शिकवली, सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहायचं. जमायला लागलं की डोळे मिटून, पण तेव्हा बेसिनचा काठ हाताशी हवा. माझी लेक बेसिनसमोर बगळ्यासारखी उभी असायची आणि तिचे बाबा दाढीला ताटकळत बाहेर.

आता जरा नीट लक्ष दे. पाय मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवलं की कळ येत असेल, तर एक्स-रे त्याच दिवशी. गुडघ्यात टक् असा आवाज होऊन दोन-तीन तासांत तो सुजला, तर आतला लिगामेंट फाटलेला असू शकतो, तिथे घरगुती काही नाही. कोपर पूर्ण सरळ होत नसेल किंवा मध्येच अडकत असेल, तर थांबू नकोस. डोक्यावर पडली आणि नंतर मळमळ, गरगर, उलटसुलट बोलणं असं काही दिसलं, तर तिला मॅटवरून उठवून "जा, पुन्हा कर" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हण, मग ते सर असोत नाहीतर तिचे बाबा.

आणि कंबर. ही गुपचूप येते. मागे वाकताना, ब्रिज किंवा बॅक वॉकओव्हर करताना कंबरेत एकाच जागी कळ येते, पुढे वाकताना बरं वाटतं. सतत मागे वाकून मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला चीर जाऊ शकते. साध्या एक्स-रेत ती पुष्कळदा दिसत नाही, एमआरआय लागतो. लवकर कळलं तर तीनेक महिने खेळ बंद, पट्टा किंवा व्यायाम, आणि मग हळूहळू परत. दोन आठवडे झाले तरी कंबरदुखी जात नाही म्हणाली, की तू "बसून मोबाइल बघतेस म्हणून" असं म्हणू नकोस. मी म्हणाले होते. मोबाइल बिचारा निर्दोष होता.

आता जे कुणी मोठ्याने बोलत नाही ते सांगते. डबा. लिओटार्ड घट्ट झाला की पोरी पोळी टाकायला लागतात, कुठे कुणी सर किंवा मॅडम सगळ्यांसमोर वजनाबद्दल बोललेले असतात. कमी खाऊन जास्त उड्या मारल्या तर हाडांना भरून यायला काही उरतच नाही. मग चिरा पडतात आणि पाळी थांबते. पाळी थांबली म्हणजे पोर मेहनती, असं समजणाऱ्या आया मी पाहिल्यात. तीन महिने पाळी आली नाही किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरकडे जायचं, लाजायचं नाही. घरात नाचणीची भाकरी किंवा आंबील ठेव, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. तिळाची चटणी, दूध, दही, चालत असतील तर अंडी. क्लासहून आली की अर्ध्या तासात काहीतरी पोटात. आणि तिच्या ताटातल्या पोळ्या मोजणं आजपासून बंद.

झोपेचंही तेच. बारा वर्षांपर्यंतच्या मुलीला नऊ तास तरी हवेत, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. खेळाचे डॉक्टर एक सोपा हिशेब सांगतात, मुलीचं जितकं वय, तितकेच तास आठवड्याचा सराव. दहाची असेल तर दहा. वरच्या पातळीवर हा हिशेब कुणी पाळत नाही हे मला माहीत आहे. पण तास त्याच्या पुढे गेले की तुझे कान टवकारले पाहिजेत.

सरांशी कसं बोलायचं, ही तुझी खरी भीती, हो ना? मीही घाबरायचे, वाटायचं तिला टीममधून काढतील. एकदा तर भांडायला गेले आणि रडून परत आले. मग युक्ती सापडली. "हिचं बंद करा" असं म्हणायचं नाही. फिजिओकडून लिहून घ्यायचं की काय चालणार नाही आणि काय चालेल. मनगट दुखत असेल तरी पाय आहेत, पोट आहे, स्प्लिट आहेत, बीमवरच्या उड्या आणि वळणं आहेत. तो कागद सरांच्या हातात दे आणि विचार, "सर, एवढ्यात हिच्याकडून काय करून घेता येईल?" बहुतेक सर यावर खूश होतात. जो हा कागदही वाचायला तयार नसेल, त्याच्याबद्दल तुला एक मोलाची गोष्ट कळली म्हणून समज.

घरी बसवू नकोस मात्र. माझी लेक सहा आठवडे घरी बसली आणि मनगटापेक्षा मन जास्त सुजलं. रोज संध्याकाळी पाच वाजले की खिडकीशी. पुढच्या वेळी मी तिला क्लासलाच पाठवलं, जमेल ते करायला. परत यायची तारीखही आधीच सांगत सुटू नकोस. मी सगळ्या नातेवाइकांना "पुढच्या महिन्यात परत खेळणार" असं सांगून ठेवलं होतं, मग तो महिना आला आणि पोर दुखत असतानाही हात टेकायला निघाली, आईचा शब्द खरा करायला.

तुला दीपा कर्माकर आठवते ना, आगरतळ्याची? २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला चौथी आलेली. पुढच्याच वर्षी तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, ऑपरेशन झालं. २०१८च्या जुलैमध्ये तुर्कस्तानात मेर्सिनला तिने वर्ल्ड चॅलेंज कपचं सुवर्ण घेतलं. मधलं वर्ष-सव्वा वर्ष आपल्या लक्षात राहत नाही, सुवर्ण तेवढं राहतं. आणि अमेरिकेच्या सिमोन बाइल्सचं बघ. टोकियो ऑलिम्पिकमध्ये हवेत असताना आपलं शरीर कुठे आहे हेच कळेना, तेव्हा ती जगासमोर थांबली. पुढच्या ऑलिम्पिकला, पॅरिसला, येऊन तिने तीन सुवर्णपदकं घेतली. तुझी पोर तर डिस्ट्रिक्टची आहे. एक डिस्ट्रिक्ट हुकलं तर काही बिघडत नाही गं.

परत आल्यावर ती घाबरेलही. दुखणं गेलं तरी मागची उडी मारताना पाय अडतील. तेव्हा "अगं, आधी तर करायचीस" म्हणू नकोस. सर तिला मऊ मॅटवर, हात धरून, पायरी-पायरीने नेतील. तुझं काम एवढंच, घरी आल्यावर "आज केलंस का?" असं न विचारता "भूक लागलीय का?" विचारायचं.

आमच्याकडे आता काय होतं सांगू? गेल्या आठवड्यात लेक दारातूनच म्हणाली, "आई, आज डावा घोटा कुरकुरतोय, दोन दिवस उड्या नाही मारणार." मी पोळ्या लाटत होते. "बरं, बर्फ काढून ठेवते," एवढंच म्हणाले आणि पुढची पोळी लाटायला घेतली. अगं, हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मला किती वर्षं लागली म्हणून सांगू! मी ओरडणार नाही आणि घाबरणारही नाही, याची तिला आधी खात्री पटायला लागली.

उद्या डॉक्टरांची वेळ घे. आणि आज रात्री जेवण झालं की तिला काही विचारू नकोस, नुसती बघ. ती फरशीवरून कशी उठते ते. मग मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.